डोंगल कपाटात, अळी बोंडात

२०२३ च्या खरिपातली गोष्ट. ऑगस्टचा महिना, कपाशीला पात्या-फुले लागलेली. दिवस मावळल्यावर मारुतीच्या सभामंडपात शेतकऱ्यांची बैठक ठेवली होती. विषय होता गुलाबी बोंडअळी. दवंडी दिली होती, मोबाईलवर निरोपही गेले होते. शिवाय ग्रामपंचायतीने नवा टीव्ही घेतलाय आणि त्यावर अळीचा पिक्चर दाखवणार आहेत, अशी हाकाटी पोरांनीच गावभर केली होती. त्यामुळे एरवी जिथे पंधरा-वीस माणसे जमायची, तिथे साठ-सत्तर जमली. बचत गटाच्या काही महिलाही ओट्यावर येऊन बसल्या.

टीव्ही टेबलावर मांडला. त्याच्यासोबत दुकानदाराने एक बिनतारी रिमोट दिला होता आणि त्या रिमोटचे नखाएवढे डोंगल. डोंगल टीव्हीच्या मागच्या यूएसबीच्या खाचेत बसवले आणि रिमोटचे बटण दाबले. पडद्यावर काहीच हलेना. डोंगल काढले, फुंकर मारली, पुन्हा बसवले. सेल काढून पँटीला पुसून परत घातले. एकाने रिमोट तळहातावर आपटून पाहिला. टीव्हीचा मूळ रिमोट कुठे आहे म्हणून विचारले, तर तो ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली घेऊन शिपाई तालुक्याला गेलेला. अर्धा तास असाच गेला. मागून आवाज आला, "साहेब, ते चालू झालं की सांगा, आम्ही धारा काढून येतो." गेलेली माणसे परत आली नाहीत. उरलेल्या दहा-बारा जणांना मी तोंडी सांगितले. पण ज्या गोष्टीसाठी टीव्ही मांडला होता, ती तोंडी सांगून कळत नाही.

ती गोष्ट म्हणजे डोमकळी. गुलाबी बोंडअळीचा पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून लाळेच्या धाग्यांनी गुंफल्या जातात आणि फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. पुढे अळी बोंडात शिरते तेव्हा तिचे छिद्रही बुजून जाते आणि बाहेरून बोंड चांगले हिरवेगार दिसते. म्हणून डोमकळी ओळखणे हाच शेतकऱ्याचा वेळेवरचा इशारा. फूल डोळ्यांसमोर मोठे करून दाखवले की एका मिनिटात समजते. नुसते बोलून दाखवले तर माणूस मान हलवतो आणि घरी जातो.

त्या बैठकीतून उठून गेलेले एक आबा तीन आठवड्यांनी हातात फूल घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, हे फूल असं मिटल्यावानी काहून राहतंय? पावसानं असंल का?" आम्ही दोघे त्यांच्या रानात गेलो. वीस हिरवी बोंडे तोडून फोडली. सात बोंडांत अळी निघाली. वीसपैकी दोन बोंडांत अळी दिसली म्हणजे दहा टक्के, तिथेच फवारणीचा विचार करायचा असतो. इथे तर सात. सगळा दोष त्या रात्रीच्या रिमोटवर टाकता येणार नाही, पण आबांच्या हातचे तीन आठवडे गेले एवढे खरे. आबा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

चूक कुठे झाली?

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराला विचारले. त्याने टीव्ही बघितला आणि हसला. म्हणाला, "रिमोट चांगला आहे, डोंगल चांगलं आहे, टीव्हीबी चांगला आहे. पण ह्यांची सोयरीकच जमत नाही." आमचा टीव्ही साधा एलईडी होता. त्याच्या यूएसबीच्या खाचेत पेनड्राइव्ह लावला तर फोटो, व्हिडिओ दिसतात, त्यापलीकडे ती खाच काही ओळखत नाही. बिनतारी रिमोटचे डोंगल हे खरे तर की-बोर्ड आणि माउसच्या जातीचे. ते ओळखायला समोर कॉम्प्युटर, लॅपटॉप, अँड्रॉइड टीव्ही किंवा टीव्हीला जोडायचा अँड्रॉइड बॉक्स लागतो. दुकानदाराने विकले, आम्ही घेतले. विचारले कोणीच नाही.

मी कृषी पदविका झालेला माणूस, कॉम्प्युटरचा नव्हे. पण त्या दिवसापासून ठरवले की हे समजून घ्यायचे. जे समजले ते शेतकरी बांधवांसाठी आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, शिक्षक, अंगणवाडीताई यांच्यासाठी इथे मांडतो आहे. आज गावोगावच्या ग्रामपंचायतींत, शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर, लॅपटॉप आलेले आहेत. त्यातले किती चालू आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते बघावे.

डोंगल म्हणजे नेमके कोणते?

खेड्यात डोंगल म्हटले की निम्म्या लोकांना नेटचेच डोंगल आठवते. पण यूएसबीत बसणाऱ्या प्रत्येक छोट्या वस्तूला आता डोंगल म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्या कामात चार प्रकार येतात.

एक, नेटचे डोंगल. त्यात सिमकार्ड असते, रिचार्ज लागतो. जुनी थ्री-जीची डोंगले आता बहुतेक ठिकाणी कामाची राहिलेली नाहीत.

दोन, वायफायचे डोंगल. ज्या कॉम्प्युटरला वायफाय नाही, त्याला ते घेता यावे म्हणून हे लावतात. यात सिम नसते. कॉम्प्युटरला बऱ्याचदा त्याचे सॉफ्टवेअर घालावे लागते आणि कुठल्याही टीव्हीला कुठलेही वायफाय डोंगल चालत नाही.

तीन, रिमोट, माउस किंवा की-बोर्डचे डोंगल. आजच्या लेखाचा विषय हाच. याला सिम नाही, रिचार्ज नाही, इंटरनेटही नाही. हे रिमोटचे बोलणे ऐकून यंत्राला सांगते. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर ते चालते.

चार, डिजिटल सहीचे डोंगल. ग्रामपंचायतीची देयके ऑनलाईन काढताना सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सह्या याच डोंगलमधून होतात. दिसायला ते पेनड्राइव्हसारखे, पण ती तुमची सही आहे. याबद्दल शेवटी सांगतो.

टीव्हीचा मूळ रिमोट आणि हा बिनतारी रिमोट यांतला फरकही लक्षात घ्यावा. मूळ रिमोट बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशकिरणांवर चालतो. त्याचे तोंड टीव्हीकडे लागते आणि मध्ये माणूस आला की तो अडतो. डोंगलच्या रिमोटचे तसे नाही. तो पाठमोरा धरला तरी चालतो, मध्ये माणसे बसलेली असली तरी चालतो. साधारण पंचवीस-तीस फुटांपर्यंत तो काम देतो. बैठकीत याचाच खरा उपयोग आहे.

घेण्याआधी चार प्रश्न

पहिला प्रश्न, डोंगल कशात बसवणार? टीव्ही साधा असेल तर नुसता रिमोट घेऊन उपयोग नाही. साध्या टीव्हीला एचडीएमआयची खाच असेल तर अँड्रॉइड बॉक्स जोडता येतो, आणि डोंगल त्या बॉक्सला बसते. लॅपटॉप असेल तर तोच एचडीएमआयच्या वायरने टीव्हीला जोडावा आणि डोंगल लॅपटॉपला लावावे.

दुसरा प्रश्न, रिमोट कशासाठी हवा? नुसत्या स्लाइड पुढे-मागे करायच्या असतील तर दोन-चार बटणांचा, पेनासारखा रिमोट पुरे. व्हिडिओ शोधायचा, थांबवायचा, पडद्यावर बाण फिरवायचा असेल तर हवेत हलवून चालणारा रिमोट घ्यावा. त्याला एअर माउस म्हणतात.

तिसरा प्रश्न, सेल कोणते? बारीक पेन्सिल सेल लागणारा रिमोट बरा, कारण ते सेल गावच्या किराणा दुकानात मिळतात.

चौथा प्रश्न दुकानदाराला: "आमच्या यंत्राला लावून दाखवता का?" लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बी-बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल बघतो, पावती घेतो. इथेही तेच करावे.

जोडणी अशी करावी

आधी टीव्ही आणि बॉक्स किंवा लॅपटॉप चालू करून पडद्यावर चित्र येऊ द्यावे. चित्र येत नसेल तर टीव्हीच्या मूळ रिमोटवरचे सोर्स किंवा इनपुटचे बटण दाबून योग्य तो एचडीएमआय निवडावा. "सिग्नल नाही" अशी पाटी येते तेव्हा दहात आठ वेळा कारण एवढेच असते.

मग बिनतारी रिमोटचे मागचे झाकण उघडावे. पुष्कळ रिमोटमध्ये डोंगल सेलच्या कप्प्यातच खोचून ठेवलेले असते. ते तिथे आहे हे माहीत नसल्याने डोंगल आलेच नाही म्हणून तक्रार करणारे मी पाहिले आहेत. सेल घालताना अधिक-उणेच्या खुणा बघाव्यात. दोन्ही सेल नवे असावेत, एक नवा आणि एक जुना असे करू नये. बाजूला चालू-बंदची बारीक कळ असेल तर ती चालूकडे सरकवावी.

डोंगल यूएसबीच्या खाचेत सरळ बसवावे. बसत नसेल तर उलटे करून बघावे, जोर लावू नये. लॅपटॉपला पहिल्यांदा लावले की अर्धा-एक मिनिट वाट बघावी, यंत्र आपणहून ओळखून घेते. बहुतेक रिमोट आणि त्यांचे डोंगल कारखान्यातूनच एकमेकांशी जुळवून येतात, त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही. जुळलेले नसतील तर डोंगल काढून, रिमोटची दोन ठरावीक बटणे एकदम दाबून धरायची आणि डोंगल पुन्हा बसवायचे. पुष्कळ रिमोटमध्ये ही बटणे ओके आणि होम अशी असतात. पण कंपनीप्रमाणे ती बदलतात, म्हणून खोक्यातला कागद फेकू नये. रिमोटवरचा दिवा लुकलुकायचा थांबला म्हणजे जोडणी झाली.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. एका रिमोटचे डोंगल दुसऱ्या रिमोटला सहसा चालत नाही. शाळेचे आणि ग्रामपंचायतीचे डोंगल एकाच टेबलावर आले की अदलाबदल ठरलेली. त्यासाठी डोंगलवर आणि रिमोटवर एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. आम्ही बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ लावला आहे, तोही टिकतो.

चालेना तर काय बघावे?

पहिली शंका सेलची. दुसरी शंका बाजूच्या कळीची. तिसरी शंका डोंगलच्या जागेची. डोंगल टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या पाठीमागे असेल, भिंत आणि लोखंडी स्टँड यांच्या बेचक्यात अडकले असेल, तर लहरी पोचत नाहीत आणि रिमोट थांबून थांबून चालतो. यावर उपाय हात-दीड हाताची यूएसबीची जोडवायर. तिच्या टोकाला डोंगल लावून ते टीव्हीच्या पुढे आणून ठेवावे. त्याचप्रमाणे निळ्या रंगाच्या यूएसबी खाचेशेजारी हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह चालू असेल तर त्याचाही या लहरींना त्रास होतो, म्हणून डोंगल शक्यतो लांबच्या खाचेत लावावे. वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतात. राउटर डोंगलला चिकटून असेल तर तो बाजूला सरकवावा.

पडद्यावरचा बाण आपोआप एका बाजूला सरकू लागला तर रिमोट सपाट टेबलावर ठेवून थोडा वेळ हलवू नये. बहुधा तो ठिकाणावर येतो.

आणखी एक. बंद केलेला टीव्ही किंवा बॉक्स डोंगलच्या रिमोटने चालू होईलच असे नाही, कारण यंत्र बंद झाले की पुष्कळदा यूएसबीचा पुरवठाही बंद होतो आणि डोंगल झोपते. म्हणून मूळ रिमोट जपून ठेवावा आणि बैठकीला सोबतच न्यावा. आमची चूक तुम्ही करू नका.

विजेचे तर सांगायलाच नको. बैठकीच्या वेळेला वीज असेल का, हे आधी बघावे. लॅपटॉप चार्ज केलेला असावा. व्हिडिओ नेटवरून दाखवायचा बेत असेल तरी तो आधीच उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवावा. सभामंडपात रेंज असतेच असे नाही.

रिमोट हातात असला की

पुढल्या वर्षी, २०२४ च्या खरिपात, त्याच गावात त्याच सभामंडपात पुन्हा बैठक घेतली. ग्रामपंचायतीने टीव्हीला अँड्रॉइड बॉक्स घेतला होता. डोंगल आणि रिमोट वर्षभर कपाटात पडून होते. झाकण उघडले तर सेल फुगून पांढरी बुरशी आल्यासारखी झालेली. सेल टाकून दिले, आतल्या पट्ट्या जुन्या टूथब्रशने आणि कोरड्या फडक्याने पुसल्या, नवे सेल घातले. सगळे आदल्या दिवशी, उजेडी. गावातला बारावी झालेला एक पोरगा आणि बचत गटाच्या एक ताई, दोघांच्या हाताने जोडून घेतले. मी हात लावला नाही.

बैठकीच्या रात्री मी टीव्हीपाशी उभा राहिलो नाही. रिमोट घेऊन माणसांत जाऊन बसलो. फरक तिथे पडला. पूर्वी मी लॅपटॉपवर वाकलेला असायचो, पाठ लोकांकडे. आता चित्र चालू असताना शेजारचा काय पुटपुटतो ते ऐकू येत होते. डोमकळीचे फूल पडद्यावर आले, तसे मागून कुणीतरी म्हणाले, "आरं, असली फुलं तर माझ्या बांधाकडच्या तासात हायेत." तिथेच चित्र थांबवले. मागे नेले, पुन्हा दाखवले. पाकळ्या कशा गुंफलेल्या, फूल उघडले की आत अळी कुठे बसते. आबाही होते. ते उठून पडद्याजवळ गेले आणि बोट लावून इतरांना सांगू लागले, "हे बघा, हे असं दिसलं की पावसाला दोष देऊ नका." माझे काम त्यांनी केले.

मग कामगंध सापळे हेक्टरी पाच लावण्याचे, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले तर सावध होण्याचे, डोमकळ्या तोडून नष्ट करण्याचे, दर आठवड्याला एकरी वीस बोंडे फोडून बघण्याचे असे सगळे बोलणे झाले. प्रश्न आले तसे चित्र मागे-पुढे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे-चौघे डोमकळ्या घेऊन दारात हजर. त्यातल्या दोन डोमकळ्या नव्हत्याच, साधी मिटलेली फुले होती. पण माणसे बघायला लागली होती, आणि ऑगस्टमध्येच बघायला लागली होती.

एका बैठकीने बोंडअळी जात नाही, हे मलाही माहीत आहे. फरदड ठेवणारे ठेवतातच, आणि एकाच्या फरदडीने शेजाऱ्याचे पुढचे वर्ष बिघडते. पण ज्याने अळी डोळ्यांनी बघितली, त्याच्याशी फरदडीवर बोलणे सोपे जाते.

नोंद आणि जबाबदारी

आता थोडे गावच्या कारभाऱ्यांशी. टीव्ही जडवस्तूच्या नोंदवहीत चढतो, पण त्याच्याबरोबरचा रिमोट, डोंगल, जोडवायर यांची नोंद कोणी करत नाही, कारण ते खोक्यात आलेले असते. नखाएवढी वस्तू हरवली की हजारोंचा टीव्ही शोभेचा होतो. म्हणून त्यांचीही नोंद घ्यावी आणि सगळे एका झाकणाच्या डब्यात ठेवावे. डब्यात काय काय आहे याची चिठ्ठी आतून चिकटवावी. बैठक संपली की सेल काढून ठेवावेत. किल्ली एकाकडेच नसावी आणि जोडणी येणारी गावात किमान दोन माणसे असावीत, त्यातली एक महिला असावी, कारण ती परगावी जाण्याची शक्यता कमी, असा माझा अनुभव आहे.

राहिले डिजिटल सहीचे डोंगल. ते या डब्यात चुकूनही ठेवू नये. दिसायला सगळी डोंगले सारखीच, त्यामुळे पोरांच्या हाती पडते, हरवते, नाहीतर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पासवर्डच्या चिठ्ठीसकट कायमचे राहते. ज्याची सही, त्याच्याच ताब्यात ते असले पाहिजे. सरपंचताईंनी तर ते स्वतःकडेच ठेवावे आणि पासवर्डही स्वतःच टाकावा. कोरा चेक सही करून दुसऱ्याकडे ठेवतो का आपण?

येत्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी एवढे करा. ग्रामपंचायतीचे कपाट उघडा. टीव्ही बाहेर काढा, डोंगल शोधा, सेल बघा, पंधरा मिनिटे लावून बघा. चालले तर उत्तम. नाही चालले तर आदल्या दिवशी कळलेले बरे. सत्तर माणसे समोर बसलेली असताना कळले की काय होते, ते मी सोसले आहे.